आईला शुगर आणि अंडाशयाच्या गाठीचं ऑपरेशन ठरलंय? तयारी अशी करा

माझ्या आईचं ६८ व्या वर्षी अंडाशयाची गाठ काढायचं ऑपरेशन झालं, शुगर तिला वीसेक वर्षांपासूनची, आणि एक गोळी आमच्याकडून सांगायची राहून गेली होती म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी हे बघा की ऑपरेशन लागणारच आहे का. पाळी गेल्यानंतरची गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा लहान, एकाच बाजूला, आत नुसतं पाणी, मधे पडदे नाहीत, त्रास काही नाही आणि सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरची शंका तपासायची रक्ताची टेस्ट) नॉर्मल, म्हणजे ३५ च्या आत, असं असेल तर ४ ते ६ महिन्यांनी परत सोनोग्राफी करून लक्ष ठेवता येतं. पण आत घट्ट भाग, दोन्हीकडे गाठी किंवा पोटात पाणी असेल तर कॅन्सरची ऑपरेशन्स करणाऱ्या गायनॅक सर्जनलाच दाखवा, वेळ घालवू नका.

आता गोळ्या. "शुगरची एक सकाळी, एक रात्री" एवढं सांगून भागत नाही, सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, त्यात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, असं "ग्लिफ्लोझिन" वालं काही आहे का ते शोधा, एकाच गोळीत दोन-तीन औषधं असली की हे नाव हमखास नजरेतून सुटतं. ही औषधं साखर लघवीतून बाहेर टाकतात. त्यात उपास आणि ऑपरेशनचा ताण आला की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात, ती जास्त झाली की जिवावर बेतू शकतं, आणि मीटरवर मात्र शुगर दीडशे-दोनशेच दिसते त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. उलट्या, पोटदुखी, दम लागणं ही त्याची लक्षणं, पोटाच्या ऑपरेशननंतर ती "टाक्यांमुळे असेल" म्हणून सोडून दिली जातात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये सांगितलं की ठरवून करायच्या ऑपरेशनआधी ही औषधं किमान ३ दिवस बंद ठेवावीत, एर्टूग्लिफ्लोझिन ४ दिवस. आईची ही गोळी आदल्या दिवशीपर्यंत चालू होती, भूलतज्ज्ञांनी स्ट्रिप बघितली आणि तारीख पुढे ढकलली. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण मनाने काही बंद करू नका, बदल्यात काय द्यायचं ते फिजिशियन ठरवतात.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, शक्यतो ८ च्या आत आणा असं सांगतात. रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, त्यामुळे घरी मीटरवर घेतलेल्या नोंदींची वही सोबत न्या. आणि कॅन्सरचा संशय असेल तर आकडा उतरेपर्यंत थांबायचं का हे सर्जन आणि फिजिशियन दोघांना एकत्र ठरवू द्या.

ऑपरेशनच्या दिवशी मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) साधारण बंद असतं. लांब पल्ल्याचं इन्सुलिन सहसा पूर्ण बंद करत नाहीत, डोस कमी करतात, तो किती ते लिहूनच घ्या. शुगर १०० ते १८० मधे असली की चालतं, अगदी नॉर्मलच हवी असा हट्ट नको. २००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा मोठा अभ्यास झाला, आयसीयूमधल्या ६००० हून जास्त पेशंटवर, त्यात शुगर ८१ ते १०८ मध्ये घट्ट धरलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. वयस्कर माणसाची शुगर उतरली की घाम येतोच असंही नाही, नुसती बडबड किंवा गुंगी दिसते आणि आपण म्हणतो भूल अजून उतरली नाही. सरळ नर्सला शुगर चेक करायला सांगा, ७० च्या खाली असेल तर तातडीने उपचार लागतात.

वॉर्डात एखाद्या अभ्यासात भाग घ्याल का असं विचारलं तर घाबरू नका, माहितीपत्रक मराठीत मागा, घरी वाचा. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडत नाही, आणि मधेच बाहेरही पडता येतं. वयस्कर, शुगरवाले पेशंट पुष्कळ अभ्यासांतून वगळले जातात, त्यामुळे आई आपणहून हो म्हणाली याचं मला बरं वाटलं.

घरी सोडताना कुठली गोळी कधीपासून सुरू करायची ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. ग्लिफ्लोझिन तर नीट जेवायला लागल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच. आईची आठवडाभराने सुरू झाली, तोवर ती दोन भाकऱ्या खायला लागली होती.