पाय लटपटले म्हणजे ताकद वाढली असं नाही: नवशिक्यांनो, या चुका टाळा

जिममध्ये नव्याने आलेल्याला बोसूच्या अर्धगोल चेंडूवर उभं करून स्क्वॉट मारायला लावलं की पाय लटपटतात, घाम फुटतो आणि आज जोरदार व्यायाम झाला असं वाटतं. मेहनत होते हे खरं, पण ती बरीचशी तोल सावरण्यात खर्ची पडते. पायाखालचं हललं की मेंदू सांध्याच्या पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी आवळून धरतो. सांधा जागेवर राहतो, जोर मात्र घटतो.

अँडरसन आणि बेम या संशोधकांनी २००४ साली हे मोजून दाखवलं. छातीने ढकलण्याचा जोर स्थिर बाकापेक्षा स्विस बॉलवर (हवा भरलेल्या मोठ्या चेंडूवर) सुमारे ६० टक्के कमी भरला, पण स्नायूंतली विद्युत हालचाल जवळपास तेवढीच होती. विद्युत हालचालीचा हाच निकाल दाखवून ‘चेंडूवरही तेवढंच काम होतं’ असं काही ट्रेनर सांगतात. ही अर्धीच गोष्ट झाली. स्नायू तेवढाच राबतो, पण वजन उचलायला नव्हे. ताकद वाढवायची तर हळूहळू वजन वाढवावं लागतं, आणि डळमळत्या पायावर ते वाढत नाही.

दुसरी चूक डंबेलच्या हिशेबातली. बारबेलने, म्हणजे लांब दांड्याने, बेंच प्रेस (बाकावर झोपून छातीवरून वजन ढकलणं) ४० किलोची होते म्हणून दोन्ही हातांत २०-२० चे डंबेल घेतले, की तिसऱ्यांदा उचलताना हात बाहेर फाकतात. सरावलेल्या तरुणांवर केलेल्या एका चाचणीत डंबेलवरचं कमाल वजन बारबेलपेक्षा १७ टक्के कमी आलं. म्हणून १५-१५ ने सुरुवात करा. त्याच चाचणीत छातीचं काम दोन्हींत सारखंच होतं, डंबेलवर ट्रायसेप्सचं (दंडामागच्या स्नायूचं) कमी आणि बायसेप्सचं (दंडापुढच्या स्नायूचं) जास्त. तेव्हा ट्रायसेप्स मागे पडत असतील तर बारबेल सोडू नका.

याच्या उलट, काही जण स्मिथ मशीनलाच चिकटून राहतात. तिथे दांडा रुळांवरून सरकतो, तोल तुम्हाला सांभाळावा लागत नाही. शिकायला वाईट नाही, पण तिथलं वजन जसंच्या तसं मोकळ्या बारबेलवर लावू नका. आधी रिकामा दांडा.

स्क्वॉटमध्ये गुडघे आत वळतात किंवा टाचा सुटतात? आधी बूट पाहा. पळण्याच्या मऊ, जाड तळव्यावर वजन घेणं म्हणजे गादीवर उभं राहून पोतं उचलणं. सपाट, कडक तळव्याचे बूट घाला. तालमीतल्या बैठकांत टाचा उचलतात हे खरं, पण तिथे खांद्यावर दांडा नसतो. बूट बदलूनही टाचा सुटत असतील तर घोटा आखडलेला असू शकतो. टाचांखाली लहान चकत्या ठेवून पाहा, फरक लगेच कळतो. गुडघे तरीही आत येत असतील तर वजन उतरवा.

एका पायावरच्या व्यायामात मांडीआधी घोटाच दमत असेल तर एका हाताने रॅक धरा आणि दुसऱ्या हातात डंबेल घ्या. ही फसवणूक नाही. आधार मिळाला की मांडीवर खरा भार येतो. तोलाचा सराव हवाच असेल तर तो वेगळा, वजनाशिवाय करा.