रोज चालूनही काटा हलत नाही? या चुका टाळा

सकाळी सहाला नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नाहीतर गोल्फ क्लब ग्राउंडवर गेलं की तीच ती मंडळी दिसतात, बारा महिने नियमाने चालणारी, आणि तक्रारही तीच, वजन काही उतरत नाही. चालण्यात खोट नाही हो, हिशोब कुठेतरी गंडतो.

सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चाललं तर साधारण १२० ते १५० कॅलरी जातात, बस. आणि रविवारी चालून झालं की मिसळ ठरलेली, वरून तर्री, एक्स्ट्रा पाव. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, म्हणजे तर्रीतलं मोठा चमचाभर तेल पोटात गेलं की १२० च्या आसपास, चालणं तिथेच फिटलं! मिसळ सोडा असं मी सांगणार नाही, पण तर्री नको म्हणा, मटकी जास्त मागा, पाव एकच घ्या.

खरी मेख घरातल्या तेलात आहे. आमच्याकडे किटली तिरकी करून अंदाजाने ओतायची सवय. एकदा लिटरच्या पिशवीवर पेनाने तारीख टाकली, तर चौघांत ती सात दिवसांत संपली, म्हणजे माणशी रोज जवळपास ३०० कॅलरी नुसत्या तेलाच्या. मग मोजून चमच्याने घालायला लागलो, आता पिशवी बारा दिवस जाते आणि भाजीची चव कुणाला वेगळी लागली नाही. तुम्हीही तारीख टाकून बघाच. चहाचं पण बघा, दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे १६० कॅलरी.

याच्या उलटी चूक म्हणजे जेवणच अर्धं करायचं आणि पहाटे उपाशीपोटी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या. गुडघे बोलायला लागतात, अंगात त्राण राहत नाही आणि संध्याकाळी चिवड्याची बरणी रिकामी होते. दिवसाला ४००-५०० कॅलरी कमी केल्या तरी पुष्कळ, किलोभर चरबीत साधारण ७७०० असतात, म्हणजे पंधरा-वीस दिवसांत एक किलो. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढाच वेग ठेवा, आठवड्याला १५० मिनिटं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे मात्र टाळू नका.

आणि रोज काट्यावर चढू नका. रविवारच्या मिसळीनंतर सोमवारी किलोभर वाढलेलं दिसू शकतं, ते मीठ आणि पाणी असतं, दोन दिवसांत उतरतं. शुक्रवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.