हेडलाइट बदलायचाय? आधी वायरमन शोधा

मी द्राक्षबागांची औषधं विकतो. ऑक्टोबर छाटणी झाली की आमचे फोन संध्याकाळी सातनंतर वाजायला लागतात. "पानामागं डाऊनी (केवडा रोग) दिसतेय, येऊन बघ." थांबून चालत नाही, रात्रीत बाग जाते. नाशिकच्या म्हसरूळहून निघायचं, दिंडोरी गाठायची, कधी वणीपर्यंत जायचं. या रस्त्यावर समोरून क्रेटनं लादलेल्या पिकअप अप्परवर, म्हणजे लांबच्या झोतावर, येतात आणि आपल्या पुढे ट्रॅक्टर असतो, ज्याच्या ट्रॉलीला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोटारसायकल वडिलांची आहे, साडेतीनशे सीसी, सात इंची गोल डूम (हेडलाइटची काच-आरशाची वाटी), आत ६०/५५ वॅटचा एच-फोर बल्ब, म्हणजे अप्परला ६०, डिपरला ५५. नाव कशाला सांगू, आवाजावरून गल्ली ओळखते.

एका ट्रॉलीला अगदी हातभर अंतरावरून चुकवलं तेव्हा ठरवलं, लाइट वाढवायचाच. आणि सगळे करतात तीच चूक केली. रस्त्यावरच्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "दादा, पॉवरफुल लाइट बसवून द्या." त्याने १००/९० चा बल्ब काढला, जुना उपसला, नवा खुपसला. पाच मिनिटांचं काम. तीन आठवडे मजा आली. मग एका रात्री ढकांब्याच्या पुढे प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि पुढचा रस्ताच नाहीसा झाला. मोबाइलची बॅटरी बारा टक्क्यांवर होती. एका क्रेटवाल्या पिकअपला हात केला आणि तिच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून घरापर्यंत आलो.

दोष बल्बचा नव्हता. साधा हिशोब आहे, वॅटला व्होल्टने भागायचं. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पाच अँपियर ओढतो, १०० चा आठच्या वर. तो सगळा करंट हँडलवरच्या अप्पर-डिपरच्या इवल्याशा स्विचमधून आणि कंपनीच्या बारीक वायरीतून जातो. कपलर (बल्बमागचा वायरींचा जोड) वितळणार नाही तर काय.

दुसऱ्या दिवशी द्वारका चौकाच्या अलीकडे एका बोळात गाड्यांची वायरिंग करणाऱ्या चाचांकडे गेलो. पहिला धडा तिथेच मिळाला: लाइटचं काम मेकॅनिकचं नाही, ॲक्सेसरीवाल्याचं तर नाहीच, ते वायरमनचं आहे. इंजिन उघडणारा चांगला मेकॅनिक वायरिंगला हात लावताना बरेचदा दोन वायरी पिळतो, वर टेप गुंडाळतो आणि "झालं" म्हणतो. खरा वायरमन ओळखायचा कसा? त्याच्या गळ्यात किंवा खिशात टेस्ट लॅम्प असतो, टेबलावर सोल्डरिंगची कांडी आणि मल्टिमीटर असतो. आणि बल्बचं नाव काढण्याआधी तो विचारतो, "लाइट एसीवर आहे का डीसीवर?" हा प्रश्न ज्याने विचारला नाही त्याच्याकडून गाडी परत घेऊन निघा.

कारण सगळं त्यावरच ठरतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नाही, सरळ इंजिनातल्या मॅग्नेटच्या कॉइलवर, म्हणजे एसीवर चालतो. घरी ओळखायचं असेल तर गाडी स्लोवर ठेवा आणि रेस द्या. उजेड रेसबरोबर ठळक वाढला-उतरला तर बहुधा एसी. अशा गाडीला एलईडी लावला की तो लुकलुकतो, आणि नुसता रिले (एक विजेचा स्विच, त्याचं पुढे सांगतो) टाकून लाइट बॅटरीवर घेतला तर बॅटरी चार दिवसांत बसते. आधी गाडी डीसी करून घ्यावी लागते, म्हणजे कॉइलचं कनेक्शन आणि आरआर युनिट (एसीचा डीसी करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बदलणं आलं. ते वेगळं आणि मोठं काम आहे, भाव आधी विचारा. १ एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना दिवा कायम लागलेला असतो, बंद करायचं बटणच नाही. त्यामुळे "लाइट बंद करून बॅटरी चार्ज होऊ देईन" हा जुना उपाय तिथे चालत नाही.

जायचं कधी, तेही सांगतो. शनिवारी-रविवारी कंपनीत कामाला जाणाऱ्यांची गर्दी असते आणि दसऱ्याच्या आधीचा आठवडा तर विसराच, सगळ्यांना खंडेनवमीच्या पूजेला गाडी चकाचक हवी असते. मधल्या वारी सकाळी दहाला जा. डूम आतून-बाहेरून पुसून जा, निम्मी तक्रार कधी कधी धुळीचीच निघते. "पॉवरफुल करा" म्हणू नका, त्रास सांगा. मी चाचांना सांगितलं, "डिपरवर चाळीस फुटांपुढे दिसत नाही, अप्परवर झाडं दिसतात पण रस्ता दिसत नाही." ते म्हणाले, "म्हणजे तुझे रोग दोन. बल्ब नंतर घे, आधी वायरी बघू."

मग त्यांनी जे केलं ते प्रत्येकाने समोर उभं राहून करून घ्यावं. आधी कपलरच्या जागी तात्पुरता होल्डर लावला, ६०/५५ चा बल्ब बसवला, गाडी चालू केली, रेस थोडी चढती ठेवली. मीटरचे टोक बॅटरीला लावले: १३.८ व्होल्ट. तेच टोक बल्बच्या मागच्या पिनांना: १२.१. चाचांनी मीटर माझ्या नाकासमोर धरला. "पावणेदोन व्होल्ट कुठे गेले?" हॅलोजनचं गणित विचित्र आहे, व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे माझ्या उजेडाचा तिसरा हिस्सा वायरी आणि स्विचच खात होते, आणि मी दोष बल्बला देत होतो. तुमच्याकडे हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला तर वायरी ठीक आहेत. तिथे रिलेवर पैसे घालू नका, काच आणि फोकस बघा.

इलाज म्हणजे रिले. घरातल्या पंपाला स्टार्टर असतो ना, तसंच: बटण हलकं, मोठा करंट दुसऱ्या वाटेने. रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीच्या प्लसची जाड वायर येते, ८७ वरून ती बल्बला जाते. ८६ वर तुमच्या जुन्या कपलरची वायर आणि ८५ अर्थला, म्हणजे बॉडीला. अप्परला एक रिले, डिपरला एक, असे दोन. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, त्याच्यावरचा भार संपतो. तयार वायरिंग किट मिळतं, जुन्या कपलरमध्ये घुसवलं की झालं, कंपनीची एकही वायर कापायची नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हाच मार्ग धरा. चाचांनी मात्र किटचा होल्डर बदलून चिनीमातीचा लावला, कारण प्लास्टिकचा एकदा वितळलेला मी सोबत आणलाच होता. तो जुना त्यांनी खिळ्याला टांगून ठेवलाय. कोणी १००/९० मागायला आलं की बोटाने दाखवतात.

यात चार ठिकाणी वायरमन घाई करतो, तिथे गोड बोलून उभं राहायचं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, पुढे डूमजवळ नको. मधे वायर घासून बॉडीला लागली तर आणि मागे फ्यूज नसेल तर ती पेटेल. ६०/५५ ला १० अँपियरचा पुरतो. दुसरं, अर्थ. सगळे प्लसकडे बघतात, अर्थची वायर मात्र रंगावर बोल्ट मारून मोकळे होतात. रंग खरवडून घ्या, नाहीतर सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. तिसरं, रिले पिना खाली करून टांगायचा. वर तोंड असलं की आपल्याकडच्या पावसात तो वाटीसारखा भरतो. चौथं म्हणजे मान. वायरी जिथे हँडलबरोबर वळतात तिथे ढील हवी. बांधून झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा, दोन्हीकडे अप्पर-डिपर करून बघा. माझी एक वायर उजव्या टोकाला ताणत होती, चाचांनी "हो रे बाबा" म्हणत टाय कापून पुन्हा बांधली.

जोड सोल्डरचे किंवा नीट दाबलेल्या टर्मिनलचे, वर स्लीव्ह. नुसता टेप एका उन्हाळ्यात चिकट लापशी होतो.

बल्ब कोणता? मी परत ६०/५५ चाच घेतला, चांगल्या कंपनीचा. लोक हसले. पण हॅलोजनच्या डूमचा आरसा एका ठराविक जागी असलेल्या तारेसाठी घडवलेला असतो. स्वस्त एलईडी बल्बचा दिवा त्या जागी नसतो, उजेड पसरतो, आपल्याला गाडीपुढचे दहा फूट लखलखीत दिसतात आणि समोरच्याचे डोळे जातात. एलईडी हवाच असेल तर पूर्ण युनिट घ्या, त्याच्या स्वतःच्या काचेसकट. बल्बच बदलत असाल तर बसवताना डिपरच्या दिव्याखालची छोटी वाटी खालीच आहे ना, बघा. उलटा बसला तर डिपर आभाळात जातो. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापून काच तिथेच फुटू शकते. आणि वॅट वाढवायचेच नाहीत. वायरींचं सोडा, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करण्यावर बंधन आहे. अपघात झाला तर असा बदल अंगाशी येतो.

काम संपल्यावर पुन्हा मीटर. बल्बजवळ १३.५ दिसले. मग सगळं एकदम लावलं, अप्पर, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न, आणि रेस चढती ठेवून बॅटरी बघितली. आकडा तेराच्या वर टिकला म्हणजे चार्जिंग झेपतंय. साडेबाराच्या खाली घसरत असेल तर लाइट गाडीच्या ऐपतीबाहेरचा आहे. पंधरा मिनिटं चालू ठेवून वायर, फ्यूज, होल्डरची मागची बाजू हाताने चाचपा. कोमट चालतं, चटका नाही. चाचांनी मजुरीचे ४०० घेतले, सामान वेगळं. घासाघीस केली नाही.

दुसरा रोग राहिला होता, फोकस. हे काम दुकानात दिवसा होतच नाही, रात्री घरी करायचं, आणि त्याला एक माणूस लागतो. टायरात हवा बरोबर भरून घेतली. सोसायटीच्या भिंतीपासून २५ फुटांवर सपाट जागी गाडी उभी केली, स्टँडवर नाही, चाकांवर. मी बसलो, मागे बायको बसली आणि मांडीवर औषधाचा दहा लिटरचा कॅन, कारण रस्त्यावर मागे वजन असतंच आणि वजनाने पुढचा दिवा वर बघतो. मुलाने जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंत फुटपट्टीने उंची मोजली आणि तितक्याच उंचीवर भिंतीला खडूची रेघ ओढली. डिपर लावला. उजेडाची वरची कड रेघेच्या तीन-चार इंच खाली यायला हवी होती, ती वीतभर वर होती. म्हणजे इतके दिवस मी झाडांनाच उजेड देत होतो. डूमचा स्क्रू फिरवत मुलगा ओरडत राहिला, "अजून खाली, पप्पा, अजून खाली," वॉचमन खुर्ची ओढून बघायला बसला, आणि बायको कॅन धरून म्हणाली, "एवढ्यात दोन वेळा जेवण झालं असतं."

धुक्याचं तेवढं वेगळं. डिसेंबर-जानेवारीत दिंडोरीकडे बागांवर पहाटे धुकं बसतं, पावसाळ्यात इगतपुरी-कसाऱ्याला तर विचारूच नका. तिथे अप्पर लावला की पांढरी भिंत उभी राहते. डिपरच लावायचा, आणि जोडीला फॉग लाइट घेतलेच तर खाली, इंजिनच्या गार्डवर, तोंड रस्त्याकडे. त्यांची वायरिंगही रिले आणि वेगळ्या फ्यूजवर, हेडलाइटच्या वायरीला टोचून नाही.

टूलबॉक्समध्ये आता एक जादा बल्ब डबीसकट, १० चे दोन फ्यूज आणि एक छोटी टॉर्च असते. पहिल्या मोठ्या पावसानंतर डूम उघडून आत पाणी शिरलंय का बघतो, होल्डर ओढून सैल झालाय का बघतो. गेल्या जूनमध्ये अर्थच्या बोल्टला हिरवा गंज धरला होता. ब्रशने घासला, ग्रीस लावलं, दहा मिनिटं गेली.