क्लिनिकल पोस्टिंगमध्ये रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि लावताना

पुण्यात फिजिओथेरपी शिकणारा विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या वर्षी वॉर्डात उभा राहतो, तेव्हा त्याला गुडघा साधारण १३५ अंशांपर्यंत वाकतो हे पाठ असते. परंतु शस्त्रक्रियेला दोनच दिवस झालेल्या आजींचा गुडघा पन्नास अंशांवर अडतो आणि त्या डोळे मिटून घेतात, तेव्हा पुढे काय करावे हे पुस्तक सांगत नाही. हे शिक्षण हातांना द्यावे लागते, आणि त्याची सुरुवात वर्गमित्रांवर करावी. एका मित्राच्या खांद्याचे कोन तिघांनी एकमेकांना न सांगता गोनिओमीटरने मोजावेत आणि मग आकडे ताडून पाहावेत. पाच अंशांहून अधिक तफावत आली, तर बहुधा कोणीतरी उपकरणाचा अक्ष सांध्यावरून सरकू दिलेला असतो. स्नायूंची ताकद तपासतानाही बहुतेक चुका रुग्णाच्या स्थितीत होतात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल झाली तरच (० ते ५ पैकी) श्रेणी ३ द्यावी. झोपवून, आडव्या प्रतलात केलेल्या हालचालीवरून ती देऊ नये.

वॉर्डात गेल्यावर आधी केस पेपर वाचावा, त्या पायावर किती भार देण्याची परवानगी आहे हे पाहावे आणि मगच रुग्णाशी बोलावे. आपले नाव आणि आपण विद्यार्थी आहोत हे सांगून, काय करणार आहोत ते समजावून परवानगी घ्यावी. स्त्री रुग्णाची तपासणी करताना परिचारिका किंवा नातेवाईक जवळ असावेत. ‘फ्लेक्स करा’ म्हणण्यापेक्षा ‘आजी, टाच गादीवरून हळूहळू आपल्याकडे ओढा’ असे म्हटले, तर आजी ती लगेच ओढतात. पोटरीला नव्याने सूज आणि दुखरेपणा असेल, तर व्यायाम थांबवून मार्गदर्शकांना बोलवावे, कारण शिरेत गुठळी झालेली असू शकते.

सर्वाधिक सराव हवा तो रुग्णाला खाटेवरून खुर्चीत बसवण्याचा. पक्षाघाताच्या रुग्णासाठी चाकाची खुर्ची त्याच्या सबळ बाजूला, खाटेशी तिरकी लावावी, ब्रेक लावावेत आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या बाजूला कराव्यात. त्याला खाटेच्या कडेशी आणून काही मिनिटे बसवावे. उभे केल्यावर वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला किंवा चक्कर आली, तर पुन्हा आडवे करावे. तळवे जमिनीवर टेकवून, अशक्त गुडघ्याला आपल्या गुडघ्यांनी आधार देऊन त्याला पुढे वाकायला सांगावे. नाक पायाच्या बोटांच्या वर आले की ढुंगण आपोआप उचलले जाते आणि आपल्या कमरेवरचा ताण कमी होतो. लुळा हात धरून मात्र कधीही ओढू नये, कारण खांद्याच्या स्नायूंत ताण उरलेला नसल्याने सांधा सरकतो. घाईत ही चूक मी स्वतः एकदा केली होती. मार्गदर्शकांनी काही न बोलता माझा हात तिथून काढून रुग्णाच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर ठेवला.

इतर गोष्टी तुलनेने सोप्या आहेत. काखेच्या कुबडीचा वरचा भाग काखेखाली दोन बोटे राहावा आणि कोपर थोडे वाकलेले असावे. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. शेकण्यापूर्वी गरम-थंड परीक्षानळ्यांनी संवेदना तपासावी, आणि पेसमेकर असलेल्या रुग्णावर विद्युतउपचार सुरू करण्याआधी मार्गदर्शकांना विचारावे.

घरी जाणाऱ्या रुग्णाला घराविषयी विचारल्याशिवाय व्यायाम लिहून देऊ नयेत. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात अरुंद, उंच पायऱ्यांचा जिना असेल, तर हॉस्पिटलच्या रुंद कठड्याच्या जिन्यावरचा सराव अपुरा पडतो. संडास भारतीय पद्धतीचा असेल, तर कमोडची खुर्ची लागेल. देवपूजेला मांडी घालून बसता येईल का, हा प्रश्न बहुतेक आजी-आजोबा विचारतातच, तेव्हा त्याचे उत्तर शल्यचिकित्सकांना विचारून ठेवावे. शेवटी घरच्या माणसाकडून एकदा प्रत्यक्ष उठवून-बसवून घ्यावे आणि त्याने ते नीट केले की नाही हे त्याच दिवशी नोंदीत लिहावे.