जुन्या ध्वनिचिपची तुलना करताना या चुका टाळा

ऐंशीच्या दशकातील घरगुती संगणकांपैकी कमोडोर ६४ मधील सिड ही ध्वनिचिप सरस की झेडएक्स स्पेक्ट्रम १२८ मधील एवाय, हा वाद हौशी मंडळींत वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि बहुतेक वेळा त्याचा निकाल दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकवून लावला जातो. अशा वेळी आपण केवळ चिप ऐकत नसतो. तिला मिळणारा क्लॉक (चिपची गती ठरवणारी ठरावीक स्पंदने), बोर्डावरचे कपॅसिटर आणि प्रोग्रॅमने दिलेल्या सूचना या सर्वांचा मिळून झालेला आवाज आपल्या कानावर पडत असतो.

पहिली चूक चॅनल मोजण्याची. सिड आणि एवाय या दोन्हींत तीन चॅनल, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे तीन आवाज आहेत, पण बॉब यान्स यांनी रचलेल्या सिडमध्ये प्रत्येक चॅनलला स्वतंत्र तरंगाकृती निवडता येते आणि स्वराचा चढ-उतार ठरवणारे स्वतःचे एन्व्हलप असते. एवायमध्ये तिन्ही चॅनल फक्त चौकोनी तरंग देतात आणि एकच एन्व्हलप व एकच नॉइज (खरखरीसारखा ध्वनी) वाटून घेतात. त्यामुळे येथे तीन म्हणजे तीनच, असा हिशेब करता येत नाही.

दुसरी चूक क्लॉक न पाहण्याची. एवाय कुळातील चिपला स्वरासाठी एक आकडा दिला जातो. क्लॉकला १६ ने आणि त्या आकड्याने भागले की कंपनसंख्या मिळते. स्पेक्ट्रम १२८ वर, जिथे क्लॉक सुमारे १.७७ मेगाहर्ट्झ आहे, २५२ हा आकडा दिल्यास जवळपास ४४० हर्ट्झचा स्वर येतो. तोच आकडा अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसीच्या १ मेगाहर्ट्झवर २४८ हर्ट्झ देतो आणि अटारी एसटीच्या २ मेगाहर्ट्झवर ४९६. म्हणजे शेवटच्या दोन यंत्रांत बरोबर एका सप्तकाचे अंतर पडते. एखादी धून आकडे न बदलता दुसऱ्या यंत्रावर वाजवून ‘ही चिप जाड वाजते’ असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. कमोडोर ६४ च्या बाबतीतही युरोपातील पाल आणि अमेरिकेतील एनटीएससी या टीव्ही पद्धतींच्या यंत्रांच्या क्लॉकमध्ये जवळपास पावणेचार टक्क्यांचा फरक आहे. पालसाठीची धून एनटीएससी यंत्रावर वाजवली की स्वर अर्धस्वराच्या सुमारे दोन तृतीयांश इतका वर सरकतो, आणि धून पडद्याच्या सेकंदाला ५० ऐवजी ६० फेऱ्यांवर चालत असेल तर लयही २० टक्क्यांनी वाढते. सुरावट घाईत वाटली, तर दोष चिपवर टाकण्याआधी यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे ते पाहावे.

सर्वांत जास्त गोंधळ सिडच्या दोन पिढ्यांमुळे होतो, आणि येथे चूक महागात पडते. १९८२ च्या यंत्रातील ६५८१ ही चिप १२ व्होल्टवर चालते, तर नंतरची ८५८० ही ९ व्होल्टवर. पाय सारखेच असल्यामुळे सॉकेटमध्ये दोन्ही सहज बसतात, परंतु १२ व्होल्टच्या बोर्डावर ८५८० लावणे म्हणजे दुर्मीळ आयसी जाळण्याची जोखीम घेणे होय. चिप काढलेल्या सॉकेटमध्ये २८ व्या आणि १४ व्या पायांमध्ये मल्टिमीटर लावून व्होल्टेज तपासावे, आणि यंत्र बंद केल्याशिवाय चिप बसवू नये. व्होल्टेज जुळवले तरी काम संपत नाही, कारण फिल्टरचे (आवाजातील ठरावीक कंपने गाळणाऱ्या भागाचे) कपॅसिटरही वेगळे लागतात: ६५८१ साठी ४७० पिकोफॅरड, ८५८० साठी २२ नॅनोफॅरड. ते न बदलल्यास फिल्टरमधून जाणारा खर्ज भलताच वाजतो आणि चिप खराब आहे असे वाटते.

जुन्या गेममधील बोललेले शब्द ८५८० वर जेमतेम ऐकू येतात, हीसुद्धा बिघाडाची खूण नव्हे. ते शब्द आवाजाची पातळी ठरवणारा चार बिटांचा रजिस्टर (चिपमधील आकडा साठवणारी जागा) वेगाने बदलून काढले जात. ६५८१ च्या आउटपुटमधील स्थिर व्होल्टेजमुळे ही युक्ती साधत असे, आणि ८५८० मध्ये ते व्होल्टेज जवळजवळ नाहीसे झाले. शिवाय दोन ६५८१ चिपचे फिल्टरही एकमेकांशी जुळतीलच असे नाही. एका नगावरून साऱ्या पिढीविषयी मत बनवू नये, असा माझा आग्रह आहे.

सेगा मेगा ड्राइव्ह या गेमयंत्रातील वायएम२६१२ ही चिप कमी आवाजाच्या स्वरांत खरखरते, हा तिच्या डॅकचा, म्हणजे आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या भागाचा, स्वभाव आहे. कपॅसिटर बदलून तो जाणार नाही. अमिगा या संगणकाचे चार चॅनल दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे असे विभागलेले असतात, म्हणून हेडफोनवर त्याचा आवाज उगाच कर्कश वाटतो. दोन्ही बाजू थोड्या मिसळून ऐकावे. तुलनेआधी दोन्ही ध्वनिमुद्रणांची पातळी समान करणेही आवश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.

आपल्याकडील वाचकांसाठी एक बाब महत्त्वाची आहे. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून आलेली आणि ‘कॅसेट’ लावून खेळली जाणारी यंत्रे बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांपैकी कित्येकांच्या चिपमध्ये चौकोनी तरंगाच्या २५ आणि ५० टक्के या दोन रुंदींची (तरंग प्रत्येक फेरीत किती वेळ वर राहतो त्या प्रमाणांची) अदलाबदल झालेली असते. जिथे टोकदार स्वर हवा तिथे पोकळ, बासरीसारखा स्वर येतो. त्या यंत्रावर कान तयार झालेल्याला मूळ निन्टेन्डोच बेसूर वाटू शकते. शंका असल्यास २५ टक्क्यांचा स्वर वाजवून ऑसिलोस्कोपवर (तरंगाचा आकार दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहावे: तरंगाचा वरचा आणि खालचा भाग सारख्याच रुंदीचा दिसला, तर आपल्यासमोर तशीच नक्कल आहे.