केमो सुरू असताना तोंडाची चव गेली, तर काय करावं?

‘तोंडाला चवच नाही’ एवढ्यावर थांबू नका. पेशंटला खोदून विचारा: लोखंडी लागतंय, कडू लागतंय, की भाताचा घास नुसता भुसा वाटतोय? उपाय त्यावरच ठरतो. केमोची औषधं भराभर नव्या होणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि चव ओळखणाऱ्या पेशी त्यातल्याच.

पहिलं काम चूळ. उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 1 लहान चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा. जेवणाआधी खळखळून चूळ भरायची, गिळायचं नाही. मग आरशात जीभ बघा. पांढरे चट्टे असतील तर बुरशी असू शकते. तिथे घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर औषध देतात.

लोखंडी चवीसाठी स्टीलचं ताट बाजूला ठेवा. काचेची वाटी, लाकडी चमचा घ्या. मटण-चिकन नकोसं झालं तर अंडं, पनीर किंवा मुगाचं धिरडं चालतं. प्रथिनं मात्र सुटता कामा नयेत. जेवण गरमागरम वाढू नका, कोमट अन्नाला वास कमी येतो. फोडणी घालताना पेशंट स्वयंपाकघरापासून लांबच बरा.

सगळंच फिकं लागत असेल तर आमसुलाचं सार किंवा मऊ भातावर मेतकूट आणि लिंबू. तोंड आलं असेल तर आंबट-तिखट बंद.

केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ करू नका. प्रेमापोटी नेमका तोच केला जातो, पण मळमळीशी त्याची गाठ बसली की पुढे कित्येक महिने तो नजरेसमोरही नको होतो.

आता पूरक उपचार. काही औषधांच्या वेळी बर्फ चघळायला देतात, पण ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर थंड अजिबात नको. जस्ताच्या गोळ्यांबद्दलचे अभ्यास उलटसुलट आहेत. मनाने घेऊ नका. अ‍ॅक्युपंक्चर करायचं तर आधी प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी तपासून. गुळवेलीचा काढा कुणी कितीही आग्रहाने दिला तरी ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय नको, त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. ते उतरत गेलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. चव बहुधा केमो संपल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते.