खिशात ४४ हजार टन सोनं: गेममधल्या वस्तूंचं कोडं कसं सोडवावं

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममधला स्टीव्ह सोन्याचे ठोकळे खिशात घालून टणाटण उड्या मारत पळतो. ते बघून भाच्याने विचारलं, "मामा, याला ओझं होत नाही का?" "गेम आहे रे तो," म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण अशा कोड्याला धड उत्तर बसवता येतं. स्वतः एखादी गोष्ट किंवा गेम रचत असाल तर बसवावंच लागतं.

आधी कागद घेऊन हिशेब मांडा. माइनक्राफ्टचा ठोकळा १ घनमीटरचा. तेवढं खरं सोनं १९.३ टन भरतं. स्टीव्हच्या पिशवीच्या एका कप्प्यात ६४ ठोकळे, कप्पे ३६. म्हणजे २,३०४ ठोकळे, वजन ४४ हजार टनांच्या वर. हा आकडा समोर नसला की "पिशवी मजबूत असेल" असलं काहीतरी सुचतं.

मग अपवाद लिहून काढा. इथे घाई नको, खरी मेख इथेच आहे. सोन्याचे ठोकळे एका कप्प्यात ६४ मावतात, अंडी मात्र १६च. तलवार एकच. रिकाम्या बादल्या १६, पाण्याने भरलेली एकच. याचा अर्थ पिशवीला ना वजन कळतं, ना आकार.

आता विज्ञान लावून बघा. "वस्तू लहान होतात" हे सगळ्यांना आधी सुचतं. पण ठोकळा सुपारीएवढा केला तरी वस्तुमान तेवढंच; १९.३ टनांची सुपारी खिसा फाडून जमिनीत रुतेल. शिवाय प्रश्न आकाराचा असता, तर अंडी जास्त मावायला हवी होती. त्यापेक्षा हे बरं: पिशवीत वस्तू जातच नाही, तिची नोंद जाते. वाण्याच्या वहीत "साखर, ६४ पोती" लिहायला एकच ओळ पुरते, तसे एकसारखे ठोकळे एका नोंदीत बसतात. तलवार वापरून झिजते, प्रत्येकीची झीज निराळी, म्हणून तिला स्वतंत्र ओळ. पण नोंदीवरून सोनं परत घडवायचं कसं? नुसत्या ऊर्जेतून १ ग्रॅम वस्तू घडवायची तर सुमारे अडीच कोटी युनिट वीज लागेल. इथे विज्ञानाने हात टेकले. उरलेलं काम जादूकडे द्या, लाजू नका.

जादू मात्र मोफत देऊ नका, तिला अट घाला. सूर्याने दिलेली थाळी द्रौपदी जेवेपर्यंतच अन्न पुरवायची. दुर्वास ऋषी तिचं जेवण आटोपल्यावर आले, म्हणून तर पंचाईत झाली. अट नसती तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. ही अट आपल्या मनाने शोधण्याआधी गेममध्ये धुंडाळा, बहुतेक वेळा ती तिथेच पडलेली असते. स्टीव्ह मेला की त्याचं सगळं सामान जागच्या जागी सांडतं आणि कुणी उचललं नाही तर ५ मिनिटांत नाहीसं होतं. झालं की काम! नोंद जिवंत माणसाच्या नावावर असते. नाव पुसलं की वस्तू बाहेर पडते, आणि धनी नसलेली वस्तू फार वेळ टिकत नाही.

शेवटी तयार झालेला नियम एखाद्या खोडकर श्रोत्यावर आजमावून बघा. अंडी १६च का, यावर मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "फेकलेल्या अंड्यातून आठातून एकदा पिल्लू निघतं. जिवाची नोंद करायला पिशवी बिचकते."

"मग बर्फाचे गोळेपण १६च का?"

नियम मोडला की त्याला ठिगळ लावू नका, नियमच बदला. मी बदलला: ज्या वस्तू फेकायच्या, त्या पिशवी सैल धरते, म्हणून १६. भाच्याने मान डोलावली, क्षणभर थांबला आणि रिकामी बादली काढली.